काचेची बटणं, डब्यासारखी मांडणी आणि जांभळा रंग: वेबसाइट्सचं रूप असं का बदलतंय?

१५ सप्टेंबर २०२५ ला ॲपलनं आयओएस २६ हे अपडेट आणलं आणि अनेकांना आपलाच आयफोन वेगळा दिसायला लागला. बटणं, मेन्यू, नोटिफिकेशनच्या पट्ट्या, सगळं जणू काचेचं झालं होतं. मागचा वॉलपेपर त्यातून आरपार दिसत होता. ॲपलनं या नव्या रूपाला नाव दिलं ‘लिक्विड ग्लास’.

काहींना ते भारी वाटलं. काहींना मात्र पहिला प्रश्न पडला, की या काचेवर लिहिलेलं वाचायचं कसं? नोव्हेंबरमध्ये आलेल्या आयओएस २६.१ मध्ये ॲपलनं ही काच थोडी गडद करण्याचा पर्याय दिला.

फोनमध्ये जे रूप येतं, ते लवकरच वेबसाइट्सवरही दिसायला लागतं. त्यामुळे हा प्रश्न फक्त आयफोनवाल्यांचा नाही. तिकीट काढणं, बँकेचं काम, कॉलेजचा प्रवेश, सरकारी दाखला, सगळं आता स्क्रीनवर होतं. स्क्रीनवरचं वाचता आलं नाही किंवा कुठे दाबायचं ते कळलं नाही, तर काम अडतं.

सध्या वेबसाइट्सवर कोणते ट्रेंड दिसत आहेत, ते कुठून आले आणि त्यांचा आपल्यावर काय परिणाम होतो, ते पाहूया.

आधी खऱ्या वस्तूसारखं, मग सपाट, मग पुन्हा वस्तूसारखं

२०१० च्या आसपासचा आयफोन आठवतोय? नोट्सचं ॲप पिवळ्या वहीच्या पानासारखं होतं. पुस्तकांच्या ॲपमध्ये लाकडी फळ्यांचं कपाट होतं. खऱ्या वस्तूची नक्कल करणाऱ्या या पद्धतीला ‘स्क्युओमॉर्फिझम’ म्हणतात. त्यामागचं कारण साधं होतं. टचस्क्रीन नवी होती. बटण फुगीर दिसलं की ते दाबायचं असतं, हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं.

मग लोकांना सवय झाली आणि ही सजावट जड वाटायला लागली. मायक्रोसॉफ्टनं २०१० मध्ये विंडोज फोन ७ मध्ये सपाट, रंगीत चौकोन आणले. २०१३ मध्ये ॲपलनं आयओएस ७ मध्ये लाकूड, चामडं आणि कागद काढून टाकला. २०१४ मध्ये गूगलनं ‘मटेरियल डिझाइन’ जाहीर केलं. त्यात रंग सपाटच होते, पण कोणती गोष्ट वर आहे आणि कोणती खाली, हे कळावं म्हणून सावल्या दिल्या होत्या.

या सपाट शैलीला ‘फ्लॅट डिझाइन’ म्हणतात. ती वेबसाइट्ससाठी सोयीची होती. साधे रंग आणि साधे आकार लवकर लोड होतात आणि लहान-मोठ्या कोणत्याही स्क्रीनवर नीट बसतात. पण तोटाही होता. बटण आणि साधा मजकूर सारखाच दिसायला लागला. कुठे दाबता येतं आणि कुठे नाही, हे अंदाजानं ठरवावं लागायचं.

आता काटा पुन्हा उलट फिरतोय. मे २०२५ मध्ये एअरबीएनबीनं आपल्या ॲपमध्ये खेळण्यांसारखे दिसणारे, खोली असलेले थ्रीडी आयकॉन आणले. त्यानंतर महिन्याभरातच ॲपलनं लिक्विड ग्लास जाहीर केलं.

काचेचा ट्रेंड नेमका काय आहे?

धुरकट काचेमागे एखादी वस्तू ठेवली की तिचा रंग दिसतो, पण आकार पुसट होतो. वेबसाइटवर हाच परिणाम साधण्याच्या पद्धतीला ‘ग्लासमॉर्फिझम’ म्हणतात. हे नाव २०२० च्या सुमारास रूढ झालं. वेबसाइटचं रंगरूप ठरवणाऱ्या सीएसएस या भाषेत मागचा भाग धूसर करण्याची सोय आहे. ती प्रमुख ब्राउझरमध्ये उपलब्ध झाल्यावर हा परिणाम थोडक्या कोडमध्ये करता यायला लागला.

कल्पना मात्र जुनी आहे. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज व्हिस्टामध्ये ‘एरो’ नावाचं काचेसारखं रूप होतं. निळं आकाश, हिरवं गवत, पाण्याचे थेंब आणि चकचकीत बटणं असलेल्या त्या काळातल्या शैलीला आता ‘फ्रुटिगर एरो’ म्हणतात. हे नाव २०१७ मध्ये दिलं गेलं. फॉन्ट डिझायनर एड्रियन फ्रुटिगर आणि विंडोज एरो यांच्या नावांवरून ते बनलं. गेल्या काही वर्षांत जेन झीनं सोशल मीडियावर या शैलीच्या आठवणी काढायला सुरुवात केली आणि ती पुन्हा चर्चेत आली.

काचेची अडचण अशी, की तिचा रंग ठरलेला नसतो. मागे पांढरा फोटो आला की काच पांढरी, काळा आला की काळी. त्यावरची पांढरी अक्षरं एका क्षणी स्पष्ट दिसतात आणि थोडं स्क्रोल केलं की गायब होतात. डिझायनरनं आपल्या स्क्रीनवर तपासलेलं रूप वाचकाच्या स्क्रीनवर तसंच दिसेल, याची खात्री देता येत नाही.

डब्यातल्या खणांसारखी मांडणी: बेंटो

जपानमध्ये जेवणाच्या डब्यात भात, मासे, भाज्या वेगवेगळ्या खणांत भरतात. त्या डब्याला ‘बेंटो’ म्हणतात. वेबसाइटवर लहान-मोठे गोलाकार कोपऱ्यांचे चौकोन एकमेकांना लावून प्रत्येकात एकच गोष्ट सांगितली, की त्याला ‘बेंटो ग्रिड’ म्हणतात. ॲपलच्या कार्यक्रमांत नव्या फोनची वैशिष्ट्यं एका स्लाइडवर अशाच चौकोनांत दाखवली जातात. तिथून ही मांडणी जास्त लोकप्रिय झाली.

यामागे तांत्रिक कारणही आहे. सीएसएस ग्रिड ही सोय मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीमध्ये आली आणि असे चौकोन मांडणं सोपं झालं. मोबाइलवर हेच चौकोन एकाखाली एक येतात.

झटपट नजर टाकायला बेंटो छान. पण एखादी प्रक्रिया क्रमानं समजावायची असेल, तर गोंधळ होतो. आधी कोणता चौकोन वाचायचा, हेच कळत नाही. ‘अर्ज कसा भरायचा’ हे सांगायला एक, दोन, तीन अशी साधी यादीच बरी.

मुद्दाम ओबडधोबड: निओब्रुटॅलिझम

जाड काळ्या रेघा, भडक पिवळा किंवा गुलाबी रंग, कडक काळी सावली आणि मोठाली अक्षरं. अशी वेबसाइट पाहिली असेल, तर तो ‘निओब्रुटॅलिझम’.

हे नाव वास्तुकलेतून आलं. फ्रेंचमध्ये ‘बेतों ब्रूत’ म्हणजे कच्चं, गिलावा न केलेलं काँक्रीट. असं काँक्रीट उघडं ठेवणाऱ्या इमारतींच्या शैलीला ब्रुटॅलिझम म्हणतात. भारतातलं प्रसिद्ध उदाहरण म्हणजे ल कॉर्बुझिए यांनी आखलेला चंदीगडचा कॅपिटल कॉम्प्लेक्स. २०१६ मध्ये त्याचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

सगळ्या स्टार्टअपच्या वेबसाइट्स गुळगुळीत आणि एकसारख्या दिसायला लागल्यावर काहींनी मुद्दाम उलटी वाट धरली. गंमत म्हणजे, दिसायला ओबडधोबड असली तरी ही शैली वाचायला बहुतेकदा सोपी जाते. पांढऱ्यावर काळी अक्षरं असतात आणि प्रत्येक बटणाला ठळक चौकट असते.

डार्क मोडनं खरंच बॅटरी वाचते?

२०१८ मध्ये मॅकमध्ये आणि २०१९ मध्ये आयओएस १३ व अँड्रॉइड १० मध्ये डार्क मोड आला. त्यानंतर वेबसाइट्सनाही काळं आणि पांढरं अशी दोन रूपं ठेवावी लागायला लागली.

ओलेड स्क्रीनवर काळ्या भागातले पिक्सेल बंद असतात, त्यामुळे वीज वाचते हे खरं. पण किती? अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये काही लोकप्रिय ॲप्सवर हे मोजलं. ब्राइटनेस ३० ते ५० टक्के असेल, तर सरासरी ३ ते ९ टक्केच वीज वाचते. ब्राइटनेस पूर्ण १०० टक्के असेल, तर मात्र ३९ ते ४७ टक्क्यांपर्यंत बचत होते. साध्या एलसीडी स्क्रीनला मागून सतत प्रकाश दिला जातो. त्यामुळे तिथे फारसा फरक पडत नाही.

डोळ्यांचं म्हणाल, तर अंधाऱ्या खोलीत डार्क मोड बरा वाटतो. पण दृष्टिवैषम्य, म्हणजे सिलिंड्रिकल नंबर असलेल्या अनेकांना काळ्यावरची पांढरी अक्षरं पसरल्यासारखी दिसतात. म्हणून चांगली वेबसाइट दोन्ही पर्याय देते आणि निवड वाचकावर सोडते.

एआयनं बनवलेल्या साइट्स जांभळ्याच का असतात?

मधोमध मोठं शीर्षक, त्यावर निळा-जांभळा ग्रेडियंट, खाली गोल कोपऱ्यांची तीन कार्डं आणि प्रत्येकावर एक आयकॉन. एआयला ‘वेबसाइट बनवून दे’ सांगितलं की अनेकदा हेच समोर येतं.

एआय मॉडेल इंटरनेटवर आधीपासून असलेल्या कोडवरून शिकतात. ‘टेलविंड सीएसएस’ हे वेबसाइट बनवणाऱ्यांमधलं लोकप्रिय साधन आहे. त्याच्या तयार नमुन्यांमध्ये बटणाचा रंग ठेवला होता इंडिगो, म्हणजे निळसर जांभळा. अनेकांनी तो न बदलता वापरला. टेलविंडचे निर्माते ॲडम वॉथन यांनी २०२५ मध्ये या रंगाबद्दल सोशल मीडियावर गमतीत माफीही मागितली.

रंग जांभळा असणं हा काही गुन्हा नाही. पण त्यातून एक अडचण तयार होते. दुकान, दवाखाना, क्लास आणि गुंतवणुकीची नवी कंपनी, सगळ्यांच्या साइट्स सारख्या आणि चकचकीत दिसायला लागतात. पूर्वी खोटी साइट तिच्या गबाळ्या रूपावरून ओळखू यायची. आता देखणी साइट काही मिनिटांत तयार होते. त्यामुळे ‘साइट प्रोफेशनल दिसते’ हा भरवसा ठेवण्याचा निकष राहिलेला नाही. पैसे भरण्याआधी वेबसाइटचा पत्ता अक्षर न् अक्षर तपासणं, हाच खरा उपाय.

हलणारी पानं

स्क्रोल करताना फोटो सरकतात, अक्षरं उडत येतात, मागचं चित्र वेगळ्या गतीनं हलतं. न्यूयॉर्क टाइम्सनं डिसेंबर २०१२ मध्ये ‘स्नो फॉल’ ही हिमस्खलनाची बातमी चित्रं, व्हिडिओ आणि मजकूर एकत्र गुंफून मांडली. त्यानंतर स्क्रोल करत गोष्ट सांगण्याची पद्धत जगभरच्या न्यूजरूममध्ये गेली.

नकाशा किंवा घटनाक्रम समजावायला हालचाल उपयोगी पडते. पण कानाच्या आतल्या, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा त्रास असलेल्यांना त्यामुळे गरगरतं. २०१३ मध्ये आयओएस ७ आल्यावर झूम होणाऱ्या ॲनिमेशनमुळे मळमळत असल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. म्हणून आता फोनमध्ये हालचाल कमी करण्याची सेटिंग असते आणि वेबसाइटला ती ओळखता येते. ती सेटिंग पाळायची की नाही, हे मात्र वेबसाइट बनवणाऱ्याच्या हातात असतं.

छान दिसतंय, पण वाचता येतंय का?

अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यात किती फरक आहे, हे मोजता येतं. त्याला ‘कॉन्ट्रास्ट रेशो’ म्हणतात. पांढऱ्यावर पांढरं म्हणजे १:१ आणि पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१. वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठी डब्ल्यूसीएजी नावाचे आंतरराष्ट्रीय निकष आहेत. त्यांच्या मधल्या, म्हणजे ‘डबल ए’ पातळीनुसार साध्या मजकुरासाठी हे प्रमाण किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१ हवं.

प्रत्यक्षात काय होतं? वेबएम ही संस्था दरवर्षी दहा लाख वेबसाइट्सची मुख्य पानं तपासते. २०२५ च्या तपासणीत सुमारे ७९ टक्के पानांवर फिक्या रंगातला, निकषात न बसणारा मजकूर सापडला. सापडलेल्या सगळ्या चुकांमध्ये हीच चूक सर्वांत जास्त पानांवर होती.

फिकी राखाडी अक्षरं डिझायनरच्या मोठ्या, महागड्या स्क्रीनवर नाजूक आणि देखणी दिसतात. भर उन्हात बस स्टॉपवर उभं राहून स्वस्त फोनवर तीच अक्षरं वाचायची वेळ आली, की तरण्या डोळ्यांनाही कष्ट पडतात. मोतीबिंदू असलेल्या आजीआजोबांचं तर विचारायलाच नको.

भारतात हा आता केवळ आवडीनिवडीचा विषय उरलेला नाही. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं एक महत्त्वाचा निकाल दिला. ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्ती आणि दृष्टिहीन व्यक्तींना बँकेच्या ई-केवायसीमध्ये येणाऱ्या अडचणींचं हे प्रकरण होतं. कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करा, अशी अट त्यांना पूर्ण करता येत नव्हती. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयानं म्हटलं आणि २० निर्देश दिले. सरकारी वेबसाइट्ससाठी जीआयजीडब्ल्यू ही वेगळी नियमावली आहे. तिची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली.

देवनागरीचं काय?

हे सगळे ट्रेंड रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून तयार झाले आहेत. मराठी मजकूर तसाच त्यात ओतला की गडबड होते.

पहिली गडबड जागेची. मराठीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार येतो आणि खाली उकार. इंग्रजीसाठी ठरवलेलं दोन ओळींमधलं अंतर मराठीला कमी पडतं. मग वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो किंवा बटणाच्या कडेला कापला जातो.

दुसरी गडबड शिरोरेषेची. इंग्रजी शीर्षकात अक्षरं लांब लांब ठेवण्याची फॅशन आहे. मराठीत तसं केलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. अगदी बारीक रेघांचे फॉन्टही देवनागरीत अडचणीचे. जोडाक्षरांतले बारकावे लहान आकारात दिसेनासे होतात.

तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणापेक्षा वेगळे आहेत. अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात. पानाची भाषा मराठी आहे, असं कोडमध्ये नोंदवलं की फॉन्ट मराठी वळण दाखवतो. ती नोंद नसेल, तर मराठी मजकूर हिंदी वळणात दिसतो.

चांगले फॉन्ट मात्र आहेत आणि तेही मोफत. मुंबईच्या ‘एक टाइप’चे मुक्ता आणि बालू, गूगलचा नोटो सान्स देवनागरी ही त्यातली काही नावं. जगभरच्या वेबसाइट्सवर दिसणारा पॉपिन्स हा फॉन्ट तर अहमदाबादच्या इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे आणि त्यात देवनागरीही आहे.

रूपातून फसवणूकही होते

‘हो, मला हवंय’ हे बटण हिरवं आणि मोठं. ‘नको’ मात्र फिक्या राखाडी रंगात, कोपऱ्यात. हा योगायोग नसतो. वापरणाऱ्याची दिशाभूल करणाऱ्या अशा डिझाइनला ‘डार्क पॅटर्न’ म्हणतात.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला याबद्दल मार्गदर्शक तत्त्वं जारी केली. त्यात १३ प्रकार दिले आहेत. ‘फक्त २ शिल्लक’ असं खोटं सांगून घाई करायला लावणं, न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, नकार दिल्यावर लाज वाटेल असे शब्द वापरणं, सबस्क्रिप्शन बंद करणं मुद्दाम किचकट ठेवणं, हे सगळे त्यात येतात. असा अनुभव आला, तर स्क्रीनशॉट जपून ठेवावा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करावी.

तुम्ही काय करू शकता?

आयफोनवर काच नकोशी वाटत असेल, तर सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी, मग ‘डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ’मध्ये जा. तिथे ‘रिड्यूस ट्रान्सपरन्सी’ सुरू केलं की काच बरीचशी अपारदर्शक होते. हालचालीचा त्रास होत असेल, तर ॲक्सेसिबिलिटीतच मोशनमध्ये ‘रिड्यूस मोशन’ आहे.

अँड्रॉइडवरही ॲक्सेसिबिलिटीमध्ये अक्षरं ठळक करण्याचे आणि ॲनिमेशन कमी करण्याचे पर्याय असतात. नावं कंपनीनुसार थोडी बदलतात.

कॉम्प्युटरवर कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह एकत्र दाबलं की पान मोठं होतं. सफारी आणि फायरफॉक्समध्ये बातमी वाचताना ‘रीडर’ सुरू केला, तर सजावट बाजूला होऊन फक्त मजकूर उरतो.

स्वतःच्या दुकानाची किंवा क्लासची वेबसाइट बनवून घेत असाल, तर पैसे देण्याआधी तीन गोष्टी करून पाहा. ती फोनवर उघडून उन्हात उभे राहा आणि वाचता येते का ते बघा. तिचा स्क्रीनशॉट ब्लॅक अँड व्हाइट करून बटणं ओळखू येतात का ते तपासा. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाच्या हातात फोन देऊन, काही न सांगता, एक चौकशी पाठवायला सांगा. ते कुठे अडतात ते फक्त पाहा. जिथे अडतील, तिथे दुरुस्ती करून घ्या.

लाकडी कपाट गेलं, सपाट चौकोन आले, आता काच आली आहे आणि काही वर्षांनी तीही जाईल. पण यापुढे एखादी साइट किंवा ॲप वापरताना अडलात, तर ‘मलाच जमत नाही’ असं लगेच म्हणू नका. बऱ्याचदा चूक डिझाइनची असते.